पहिल्या रांगेतले काळे केस

सलूनमधल्या टीव्हीवर परवा चीनच्या एका बड्या नेत्याची कारकीर्द दाखवत होते. जिल्ह्यातून प्रांतात, प्रांतातून राजधानीत, थेट पहिल्या रांगेत. वय सत्तरीचं, पण केस असे काळेकुट्ट की पडद्याला हात लावला तर बोटं काळी व्हावीत. अख्खी रांगच तशी. त्यांच्या कलपाला एखादी विहीरसुद्धा पुरत नसेल! पुढच्या चित्रात तोच माणूस कोर्टात उभा, पद गेलेलं, डोकं कापसासारखं पांढरं. मला वाटलं, एवढी वर्षं हा म्हातारा त्या काळ्या केसांखाली गुपचूप बसून होता की काय! आणि खरं सांगू? आजोबा म्हणावं असा तो आत्ता कुठं दिसत होता.

शेजारच्या खुर्चीत आमचे आबा, बाजार समितीचे सभापती. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव होता. सलूनवाला दिलीप कलपाचा ब्रश घेऊन उभा.

"बघा आबा, तिकडं खुर्ची गेली की कलप बंद!"

"गप ए, दिल्या."

आबा हसले नाहीत. आरशात कानाजवळची पांढरी मुळं बघत राहिले.

"ठेव तो ब्रश," ते म्हणाले. "उद्या असाच जातो. हरलो तर एका रात्रीत म्हातारा झाला, असं तरी कोण म्हणणार नाही."