सव्वीस त्सोल

गाडीचं इंजिन थंड कसं राहतं हे बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. बघणं म्हणजे कम्प्युटरच्या पडद्यावर. लाल दिसलं की तापलंय, निळं दिसलं की बरं चाललंय. जर्मनीत, झिंडेलफिंगेनजवळच्या एका ऑफिसात हे लाल-निळं करत मला तीन वर्षं झाली होती, आणि तोवर खऱ्या रेडिएटरला माझा एकदाही हात लागलेला नव्हता. हे बायकोला माहीत होतं. खालच्या आजोबांना माहीत नव्हतं.

खालचे आजोबा म्हणजे आमचे घरमालक. ते आणि आजी तळमजल्यावर, आम्ही वर. जर्मनमध्ये आम्ही त्यांना रीतसर आडनावानं हाक मारायचो, पण जिना चढून वर आलो की ते आजी-आजोबाच. आजोबांच्या गॅरेजमध्ये एक अमेरिकन गाडी होती. साठच्या दशकातली, दोन दारांची, बाटलीसारखी हिरवी आणि नाकाड इतकं लांब की गॅरेजचं दार जेमतेम लागायचं. आत आठ सिलिंडरचं इंजिन. सुरू केली की आमच्या स्वयंपाकघरातल्या वाट्या फळीवर किणकिणायच्या.

गाडीला एकच रोग होता. ती तापायची. मे महिन्यात आजी-आजोबा त्या गाडीतून सहलीला गेले आणि आउटोबानच्या कडेला वाफ सोडत उभे राहिले. टोइंगची गाडी यायला तीन तास लागले. परत आल्यावर आजींनी अंगणातच निकाल दिला, आम्हाला बाल्कनीत ऐकू येईल अशा आवाजात. जुलैअखेर कोलोनला त्यांच्या बहिणीची सत्तरी होती. तिथवर या गाडीनं न उकळता गेलो तर ठीक, नाहीतर गाडी तिथल्या तिथे विकायची. गिऱ्हाईकही तयार होतं, बहिणीचा जावई.

आजोबांनी बॉनेट उघडलं आणि आत बघत उभे राहिले. डॉक्टरच्या दारात माणसं उभी राहतात तसे.

मला काय अवदसा आठवली कोण जाणे! मी खाली गेलो आणि म्हणालो, "मी बघतो. माझं कामच आहे ते."

आजोबांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मागे फिरायची सोय उरली नाही.

वर आलो तर बायको दारातच. "अरे, परवा प्रेशर कुकरची शिटी बसवता आली नाही तुला."

"ते वेगळं."

"काय वेगळं? तेही वाफच सोडतं."

आजोबांच्या मनात अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर बसवायचा होता. जुना तांब्या-पितळेचा होता. बायकोनं पहिलाच प्रश्न विचारला, "तांब्यातून उष्णता जास्त लवकर जाते ना? म्हणून तर बंब तांब्याचा असतो. मग अ‍ॅल्युमिनियम कशाला?"

माझ्याकडे या विषयातली पदवी आहे. मी जर्मन माणसासारखा वेळ काढत म्हणालो, "आल्झो... त्याला कारणं आहेत." आणि दोन दिवस कारणं शोधत बसलो. शोधता शोधता रंगलो मात्र. तांबं सरस आहेच, पण त्याच्या नळ्या नरम. रुंद केल्या तर आतल्या दाबानं फुगतात, म्हणून त्या अरुंद ठेवायच्या आणि चार चार रांगा लावायच्या. त्याला वर शिशाचं डागकाम. अ‍ॅल्युमिनियमची नळी चांगली बोटभर रुंद आणि चपटी करता येते, तिच्या दोन रांगा चार रांगांचं काम करतात, आणि वजन निम्म्यावर येतं. हे मी बायकोला इतक्या उत्साहानं सांगितलं की ती म्हणाली, "म्हणजे बंब बदलायचा नाही ना? मग झालं."

रेडिएटर अमेरिकेतून मागवायचा होता. आजोबांचं आणि इंटरनेटचं पटत नसे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी गॅरेजमध्ये जाऊन जुन्या रेडिएटरचं माप घेतलं. अमेरिकन गाडी म्हणजे सगळं इंचांत. जर्मन माणूस मिलिमीटरवाला, त्याला इंचातलं काय कळणार, अशी माझी समजूत. आम्ही पुण्यात सुतारकामसुद्धा इंच आणि सुतात मोजून वाढलेले! बावीस इंच रुंदी. सूतभरही इकडे-तिकडे नाही. तेवढ्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा शोधला आणि मागवला.

दुसऱ्या दिवशी आमच्या टपालपेटीत आजोबांची चिठ्ठी. त्यावर एवढंच: '26 Zoll'.

आता हा शब्द मला चांगला पाठ होता. उच्चार 'त्सोल', पण आम्हा मराठी मंडळींत सगळे त्याला झोलच म्हणायचे, कारण त्याचा अनुभवच तसा. आईनं पाठवलेली भाजणी आणि गोडा मसाला तिथे दोनदा अडकला होता. त्सोल म्हणजे कस्टम. टीव्ही घेतला तेव्हा खोक्यावर मोठ्या आकड्यापुढे हाच शब्द होता, तेव्हा मी बायकोला सांगितलं होतं, "बघ, कस्टम भरलेला माल आहे."

तर सव्वीस त्सोल. अर्थ उघड होता. सव्वीस तारखेला कस्टममध्ये जायचं. आजोबा किती व्यवस्थित, मला वाटलं. माल निघायच्या आधी तारीख ठरवून मोकळे!

सव्वीस जूनला मी अर्धा दिवस रजा काढली. पासपोर्ट, ऑर्डरचा कागद, आणि पुरावा म्हणून आजोबांची चिठ्ठी घेऊन कस्टमच्या कचेरीत हजर झालो. काउंटरवरच्या बाईंनी नंबर विचारला.

"नंबर नाही. पण आजची वेळ ठरलेली आहे."

"कोणी ठरवली?"

मी चिठ्ठी पुढे केली. बाईंनी ती वाचली, उलटी करून मागची बाजू बघितली, पुन्हा वाचली.

"हे काय आहे?"

"रेडिएटर. गाडीचा."

बाईंचा चेहरा आधी गोंधळला आणि मग हळूहळू उजळला. त्यांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि लांब करत करत हातभर अंतरावर नेऊन थांबवले. "सव्वीस त्सोल," त्या म्हणाल्या. मग मागे वळून सहकाऱ्याला हाक मारली आणि त्यालाही तेवढेच हात करून दाखवले. तो हसून खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला.

त्सोल म्हणजे इंच. कस्टमही, आणि इंचही. जर्मन माणसाला इंच कळत होते, इंचाचा जर्मन शब्द मला कळत नव्हता.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. आजोबांनी सव्वीस इंच लिहिले होते आणि मी बावीस मागवला होता. बायकोला फोन केला.

"आधी आजोबांना सांग," ती म्हणाली.

"आधी अमेरिकेला ईमेल करतो."

"आधी आजोबांना."

आजोबांना सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते मला गॅरेजमध्ये घेऊन गेले, बॉनेट उघडलं आणि टॉर्च रेडिएटरच्या कडेला धरला. रेडिएटर आणि चौकट यांच्यामध्ये दोन्ही अंगांना पत्र्याच्या पट्ट्या रिव्हेट करून बसवल्या होत्या, वर काळा रंग. दोन इंच इकडे, दोन इंच तिकडे.

"आधीच्या कुणातरी मालकानं लहान इंजिनचा रेडिएटर आणून बसवलाय," आजोबा म्हणाले. "चौकट सव्वीसची आहे. या पट्ट्या तुम्हाला दिसल्या नाहीत?"

"दिसल्या."

"मग?"

"मी फक्त रेडिएटर मोजला."

"गेनाऊ," आजोबा म्हणाले. या शब्दाला 'अगदी बरोबर' म्हणतात, पण ते ज्या सुरात म्हणाले त्या सुरात मराठीत 'धन्य' म्हणतात.

आणि तरी मला त्या पट्ट्यांकडे बघून गंमत वाटत राहिली. वर्षानुवर्षं ही गाडी दुसऱ्याच्या मापाचं फुफ्फुस लावून धावत होती, आणि दोष मात्र तिच्या वयाला.

नशिबानं बावीसवाला अजून तिकडच्या गोदामातच होता. बदलून सव्वीसचा विमानानं मागवला. तो यायला बारा जुलै उजाडला, आणि आणायला पुन्हा त्याच काउंटरवर गेलो. बाईंनी कागदसुद्धा मागितला नाही. लांबूनच हात पसरून दाखवले.

बसवायला दोन शनिवार लागले. नवा रेडिएटर चकचकीत दिसत होता, म्हाताऱ्याच्या तोंडात एकच नवा दात दिसावा तसा. आजोबांनी त्यावर काळ्या रंगाचा एक पातळसा हात दिला. तेवढ्यानं उष्णता अडते का, हे मला मोजून बघायचं होतं. आजोबा म्हणाले, "मोजू नका." लोखंडी चौकटीला अ‍ॅल्युमिनियम घासू नये म्हणून मध्ये रबराच्या पट्ट्या घातल्या. बोल्ट आवळायचं काम माझ्याकडे आलं. मी आवळत होतो, आवळत होतो, तेवढ्यात आजोबांनी माझं मनगट धरलं. "घट्टच्या पुढचं स्टेशन तुटणं," ते म्हणाले. पुढचे बोल्ट त्यांनीच आवळले. मी पाना हातात देण्याच्या पदावर आलो.

कोलोनला जाताना मला बरोबर घेतलं, इंजिनिअर म्हणून. मी मागच्या सीटवर, पायांत पाण्याचे दोन कॅन. आजी पुढे, केस सेट करून, मांडीवर केकचा डबा. बाहेर तीस डिग्री. चार तास आम्ही तिघांनी जर्मनीतलं एक झाड बघितलं नाही. नुसता तापमानाचा काटा बघितला.

कोलोनच्या आधी श्टाऊ लागला. गाड्या गोगलगाईसारख्या. काटा मधल्या रेघेवरून सुटला आणि वर सरकायला लागला.

"हे बरोबर आहे का?" आजींनी मागे न वळता विचारलं.

"वारा कमी झाला की थोडा चढतोच. गणितानं बघितलं तर..."

"गणित नको. हो की नाही?"

"हो. बहुतेक."

"बहुतेक?"

आजोबांच्या कानांमागून घाम उतरत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरी. काटा आणखी बोटभर चढला आणि थांबला. पुढची गाडी हलली, आमची हलली, पुन्हा थांबली. काटा होता तिथेच. मी मनातल्या मनात शंभरपर्यंत आकडे मोजले, मग उलटे मोजले. अर्ध्या तासानं रस्ता मोकळा झाला आणि काटा खाली आला, शहाण्यासारखा.

आजींनी डब्याचं झाकण उघडून केक बघितला आणि पुन्हा लावलं.

बहिणीच्या दारात गाडी उभी राहिली, तर जावई फाटकातच. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला पायानं ठोकलं, छपरावरून हात फिरवला. आजोबा उतरून एका बाजूला उभे राहिले. दोन दारांची गाडी. पुढचं सीट कुणी वाकवल्याशिवाय मागचा माणूस बाहेर पडत नाही. त्यामुळे पुढचं सगळं मी खिडकीच्या काचेतून ऐकलं.

"मग मावशी, कागद आणलेत ना?" जावयानं विचारलं.

"कसले?"

"विकायचे."

आजींनी केकचा डबा त्याच्या हातात दिला. "आणि आम्ही परत कशानं जाऊ? चालत?"

जावई हसला. आजी हसल्या नाहीत, घरात निघून गेल्या. आजोबा तसेच उभे होते. मग त्यांनी बॉनेट उघडलं, जावयाला जवळ बोलावलं आणि आतलं एकेक बोटानं दाखवायला लागले. उघड्या बॉनेटमुळे मला ते दोघेही दिसेनासे झाले. नुसता आजोबांचा आवाज येत होता, इतका भरभर की तीन वर्षांत मी त्यांना तसं बोलताना ऐकलं नव्हतं.

मी काचेवर टकटक केलं. कुणाचंच लक्ष नव्हतं.