आठवीच्या वर्गातला इंजिनिअरिंगचा तास

गेल्या शनिवारी शाळेत जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाहीये... लिहून टाकलं तर जरा शांत वाटेल म्हणून लिहितेय.

मी भिवंडीत एका मराठी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीला लागूनच पॉवरलूमचा कारखाना आहे. दिवसभर खटखट... शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचवता पोचवता घसा बसतो.

मध्यंतरी ठाण्याला शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. कॉलेजच्या आधी, शाळेतच मुलांना इंजिनिअरिंगची गोडी कशी लावायची, असा विषय होता. मुलांना रोज जो त्रास होतो तोच त्यांना सोडवायला द्या, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या.

परत आले आणि वर्गात विचारलं, इंजिनिअर म्हणजे कोण? कुणी म्हणालं बिल्डिंग बांधणारा, कुणी म्हणालं कॉम्प्युटरवाला. समीक्षा नावाची एक मुलगी आहे, तिचे वडील दापोड्याला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहेत. ती अगदी सहज म्हणाली, "आमच्या घरात कोण होणार इंजिनिअर, मॅडम?"

तेव्हापासून जिवाला स्वस्थता नव्हती. तेरा-चौदाव्या वर्षी पोरगी स्वतःला आधीच वगळून बसलीय... आणि ते बोलताना तिला वाईटसुद्धा वाटत नाहीये.

हेडसरांच्या मागे लागून शनिवारचा एक तास मागून घेतला. मुलांना म्हटलं, हा लूमचा आवाज कमी करून दाखवा. सगळ्यात आधी समीक्षाच कामाला लागली, याचं मलाच नवल वाटलं.

पोरांनी जुनी गोणपाटं गोळा केली आणि त्यांत कारखान्यातल्या चिंध्या भरून जाड गाद्या शिवल्या. त्या खिडक्यांना लावल्या तर वर्गाची भट्टी झाली. मग काढता-घालता येतील अशा लाकडी चौकटी केल्या... दोन बोटं ठेचली, एक चौकट माझ्या पायावर पडली.

आवाज खरंच कमी झाला का, हे तपासायची पद्धत समीक्षाने काढली. मी फळ्यापाशी उभं राहून शब्द वाचायचे, शेवटच्या बाकावरच्यांनी ऐकू येईल ते लिहायचं. गाद्या लावून आणि काढून, दोन्ही वेळा.

इकडे हेडसर माझ्यावर नाराज होत चालले होते. पोर्शन मागे पडतोय, पालक विचारतात, हा तास गणिताला द्या, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ठरलं की संस्थेचे सचिव शनिवारी येतील, बघतील, आणि तास ठेवायचा की बंद करायचा ते सांगतील.

मला काही सुचत नव्हतं. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, त्यामुळे आदल्या दिवशी तपासून बघायचीही सोय नाही. सकाळपासून मी वर्गाच्या दारातून ऑफिसच्या दिशेने किती वेळा बघितलं असेल, देव जाणे.

सचिव आणि हेडसर जिना चढून वर आले... आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. मागचे लूम बंद पडले. वर्गात इतकी शांतता पसरली की रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

सचिव दारातच थांबले. "वा! हे तर फारच छान केलंत की," असं म्हणून त्यांनी गादीवर हात फिरवला. हेडसरांनी एकदा बंद पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

खोटं कशाला सांगू, मीही गप्प होते. एवढ्यावरच सचिव "तास चालू ठेवा" म्हणाले आणि खाली गेले तर काय बिघडलं, असं मनात येऊन गेलं.

समीक्षा उभी राहिली. "सर, हे आमच्यामुळे नाही झालं. लाईट गेलीय म्हणून लूम बंद आहेत. आमचं काम जमलंय की नाही, ते लाईट आल्यावरच कळेल."

सचिवांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, मग थांबूया. आणि ते खरोखर शेवटच्या बाकावर, पोरांच्या मधे अंग चोरून बसले.

बऱ्याच वेळाने लाईट आली, खटखट सुरू झाली. मी शब्द वाचले, सचिवांनीही पोरांसोबत लिहिले. गाद्या काढल्यावर त्यांना जवळजवळ काहीच कळलं नाही, लावल्यावर निम्मे-अर्धे शब्द कळले.

म्हणजे काम अर्धंच झालं होतं. सचिवांनी समीक्षाला विचारलं, उरलेला आवाज कुठून येतोय? ती म्हणाली, भिंत आणि छताच्या पत्र्याच्या मधे फट आहे, तिथून येत असेल, पण नक्की माहीत नाही.

"मग आता काय लागेल तुम्हाला?"

"आधी शिडी लागेल, सर. वर चढून बघायचंय."

सचिव हसले नाहीत. त्यांनी शिपाईकाकांना शिडी आणायला सांगितली, आणि जाता जाता हेडसरांना म्हणाले की वार्षिक परीक्षेपर्यंत या तासाला हात लावू नका. हेडसर मान हलवून गेले... आणि काकांच्या मागोमाग शिडीचं दुसरं टोक धरून तेच परत आले.

शिडीवर सगळ्यात आधी समीक्षा चढली, मी खाली घट्ट धरून उभी होते. पत्र्याखाली हात घालून ती वरूनच ओरडून काहीतरी सांगत होती. खटखटीत मला एक शब्द ऐकू आला नाही, पण तिचा चेहरा दिसत होता.

इंजिनिअर म्हणजे कोण, हे त्या दिवशी माझ्या वर्गाला कळलं असेल... मला तरी कळलं. थँक यू, समीक्षा. तू गप्प बसली असतीस तरी आमचा तास वाचला असता, पण त्या तासात शिकवायला मग माझ्याकडे काही उरलं नसतं.