बॅटरीपासून वीतभर

पौडच्या बाजारात गनी मुलाणीची पत्र्याची टपरी होती. बाहेर दोन-तीन बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या असायच्या आणि आत खोललेले डायनामो. वडिलांचा धंदा बैलांना नाल ठोकायचा. गनीनं मात्र पुण्याच्या एका गॅरेजात सहा वर्षं काढून मोटारीच्या विजेचं काम शिकून घेतलं आणि चौऱ्याहत्तर साली गावी परतला. सुरुवातीला लोक हसले. मुळशी खोऱ्यात गाड्या त्या किती, आणि त्यांच्या वायरी जोडून हा खाणार काय? पण हळूहळू दुधाच्या गाड्या वाढल्या, जीपा आल्या, ट्रॅक्टर आले, आणि त्या सगळ्यांच्या वायरी पावसाळ्यात सडायच्याच. गनीच्या हाताला यश होतं. बोलायला तो तुटक, पण त्यानं जोडलेलं काम परत यायचं नाही.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात तालुक्याची निवडणूक लागली. घोटावड्याचे हैबतराव उभे राहिले. त्यांच्याविरुद्ध जो होता त्याच्या जीपवर चार कर्णे होते, आणि त्यांचा आवाज नदीपलीकडं जायचा. हैबतरावांनी पुण्याहून दोन मोठे ॲम्प्लिफायर आणि सहा कर्णे आणले आणि जीप गनीच्या दारात उभी केली. गाडी चालवत होता कोंडिबा. हैबतरावांकडं नऊ वर्षं ड्रायव्हर, गळा खणखणीत. प्रचाराचं बोलणारही तोच होता.

गनीनं मशीनं पाहिली आणि मान हलवली.

"अण्णा, ही दोन्ही मशीनं पुऱ्या आवाजावर तीस आंपियर मागत्यात. तुमचा डायनामो गाडी पळाली तर बावीस देतोय. गल्लीतनं रांगत चालली की त्यो कायबी देत न्हाई, समदा भार बॅटरीवर. दोन तासांत बॅटरी बसंल, गाडी ढकलावी लागंल."

"मग कर की काय करायचं त्ये."

"दुसरी बॅटरी लागंल. जाड वायर लागंल, बारकी तापती. इंजिनामागच्या पत्र्यातनं वायर आत येती, तितं भोकाला रबरी कडं पाहिजे, न्हाईतर पत्रा वायर कापतोय. आन् फ्यूज बॅटरीपासनं वीतभर अंतरावर. त्याच्या पुढं न्हाई."

हैबतरावांनी घड्याळ पाहिलं. "बॅटरी टाक, वायर टाक. फ्यूज मातर आत बसव, कोंडिबाच्या हाताशी. भर सभेत बॉनेट उघडून उभं ऱ्हायाचं का आमी? आन् परवा सकाळी गाडी पाहिजे."

गनीनं एकदा सांगून पाहिलं. फ्यूज जिथं बसतो तिथून पुढचीच वायर राखतो. त्याच्या अलीकडं, बॅटरीपर्यंत, जे काही घडेल ते थांबवणारं कुणी नसतं. हैबतराव म्हणाले, "गनी, तुला जमत न्हाई का? बावधनचा मिस्त्री करतो म्हनतोय."

हे वाक्य गनीला लागलं. बारा-तेरा माणसं ऐकत होती. त्यानं फ्यूज आत, स्टिअरिंगखाली बसवला. त्या मापाचं रबरी कडं दुकानात नव्हतं, आणायला पुण्याला जावं लागलं असतं. त्यानं वायरीला चिकटपट्टीचे सहा वेढे दिले आणि ती भोकातून ओढून घेतली. निवडणूक झाली की नीट करू, असं मनाशी म्हणाला.

पहिले पाच दिवस जीपनं रान गाजवलं. कोंडिबाचा आवाज लवळ्याच्या डोंगरावर आदळून परत यायचा. फ्यूज दोनदा उडाला, कारण हैबतरावांनी आवाज शेवटापर्यंत चढवायला लावला होता. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा जवळ फ्यूज उरला नव्हता. हैबतराव म्हणाले, "घाल काहीतरी." कोंडिबानं तांब्याची तार वळून घातली.

सहाव्या दिवशी दुपारी, लवळ्याच्या चढावर, जीपमागं पंधरा-वीस पोरं धावत होती. कर्णे एकाएकी बंद पडले. स्टिअरिंगखालून धूर आला. कोंडिबानं गाडी थांबवली, पोरांना ओरडून मागं हाकललं आणि बॉनेट उघडलं. वायर लाल होऊन पेटली होती आणि शेजारीच पेट्रोलची नळी होती. पक्कड शोधायला वेळ नव्हता. त्यानं दोन्ही हातांनी ती वायर बॅटरीवरून उपटली. गाडी पुढून करपली, पण पोरं वाचली. कोंडिबाच्या तळहातांना वितळलेलं रबर चिकटलं ते कातड्यासकट निघालं.

करपलेली जीप घोटावड्यात ओढून आणली तेव्हा गाव जमलं. कुणीतरी फ्यूजच्या जागची तार काढून सगळ्यांना दाखवली. मग काय, निकाल तिथंच लागला. ड्रायव्हरनं फ्यूजच्या जागी तार घातली, म्हणून गाडी पेटली. हैबतरावांनी स्वतः घालायला सांगितलं होतं, ते मात्र ते बोलले नाहीत. कोंडिबा पुण्याच्या सरकारी दवाखान्यात पडून होता. तिथंच त्याला निरोप गेला, की कामावर येऊ नकोस.

गनीला जीप दुरुस्तीला बोलावलं. येताना लोक त्याला म्हणाले, "तुजा काय दोष न्हाई बाबा, तू फ्यूज घातला व्हता." त्यालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलायचं. मग तो बॉनेटखाली वाकला.

वायर फ्यूजच्या पुढं शाबूत होती. नुसती काळवंडली होती. जळली होती ती बॅटरीपासून पत्र्याच्या भोकापर्यंत, आणि भोकाच्या कडेला तांबं वितळून पत्र्याला चिकटलं होतं. चिकटपट्टी घासून गेली होती. पत्र्यानं वायर कापली आणि दोन बॅटऱ्यांचा सगळा जोर तिथं उतरला. आत तांब्याची तार असो की दहा फ्यूज असोत, काही फरक पडला नसता. फ्यूजच चुकीच्या जागी होता.

हे वाचू शकणारा तिथं तो एकटाच होता.

त्यानं ती वायर कापून पिशवीत घातली. घरी गेला, जेवला नाही. दिलशादनं, त्याच्या बायकोनं, विचारलं तर म्हणाला, "काय न्हाई." असं एकवीस दिवस चाललं. दुकानात बसायचा, हातात डायनामो घ्यायचा आणि तसाच धरून ठेवायचा. शेवटी दिलशादनं पिशवी उघडून ती जळकी वायर पाहिली आणि त्याच्यापुढं ठेवली. मग त्यानं सगळं सांगितलं.

तिनं वायर हातात घेऊन जळकं टोक चाचपलं. मग म्हणाली, "कोंडिबाला ठाव हाय का ह्ये?"

"न्हाई."

"मंजी त्यो दवाखान्यातनं घरी आला तरी सोताला खातुया."

दुसऱ्या दिवशी गनी आधी हैबतरावांकडं गेला. निवडणूक ते जिंकले होते, ओसरीवर माणसं होती. गनीनं हळू आवाजात सांगितलं, की चूक माझी, कोंडिबाला कामावर घ्या. हैबतराव त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "फ्यूज आत बसवायला मी सांगितलं, ह्ये बी सांगनार का तू? गप ऱ्हा गनी. तुज्यावर कुनी बोट दावलंय का? मग? कशाला उकरतोस?"

तिथून तो कोंडिबाच्या घरी गेला. कोंडिबा ओट्यावर बसला होता, दोन्ही हात मांडीवर, पांढऱ्या पट्ट्यांत. त्याची बायको साळूबाई त्याला भाकरी भरवत होती. गनीनं वायर पिशवीतून काढली, कुठं जळली आणि का जळली ते दाखवलं. कोंडिबानं ऐकून घेतलं.

"मंजी तारंनं न्हाई पेटली."

"न्हाई. माज्यानं पेटली."

"महिना झाला," कोंडिबा म्हणाला, "महिना झाला मी देवाला म्हनतोय, ती पोरं जळाली असती तर त्ये माज्या माथ्यावर असतं. तू कुटं व्हतास महिनाभर?"

साळूबाईनं हात पुसले आणि म्हणाली, "आमाला सांगून काय उपेग? गावानं आमाला वाळीत टाकल्यागत केलंय. गावात सांगा."

त्या आठवड्याच्या बाजारी, भर दुपारी, गनी टपरीपुढं स्टुलावर उभा राहिला. आयुष्यात कधी चार माणसांपुढं बोलला नव्हता. वायर वर धरून त्यानं सांगितलं, की रबरी कडं मी घातलं नाही, फ्यूज बॅटरीजवळ मी बसवला नाही, कोंडिबाच्या तारेचा यात संबंध नाही. कुणी सांगितलं म्हणून केलं, हेही त्यानं सांगितलं, नावासकट. अर्ध्या लोकांना काही कळलं नाही. कळलं ते एवढंच, की गनीच्या हातानं गाडी पेटली.

गिऱ्हाईक तुटलं. हैबतरावांच्या माणसांनी तर गाड्या पुण्याला न्यायला सुरुवात केली. दोन वर्षं दिलशाद पिरंगुटच्या एका कारखान्यात डबे पॅक करायला जात होती, त्यावर घर चाललं. कोंडिबाला कामावर परत कुणी घेतलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं वाकलेलीच राहिली, स्टिअरिंग धरता येईना. पण लोक त्याच्या घरी पुन्हा जाऊ-येऊ लागले. लवळ्याच्या दोन बाया तर आपल्या पोरांना घेऊन आल्या, त्यांना त्याच्या पाया पडायला लावलं.

गनी त्याच्याकडं दर महिन्याला जायचा. साळूबाई चहा द्यायची. कोंडिबा बोलायचा नाही, रस्त्याकडं बघत बसायचा. सहाव्या-सातव्या खेपेला गनी उठला तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, "गनीभाई, त्या दिवशी कर्णे बंद पडले ना, तवा मी निम्म्या वाक्यात व्हतो. काय बोलत व्हतो त्ये आजून आठवत न्हाई."

गनी परत खाली बसला.