उघड्या छपराखालचे दिवस

वैशाखातल्या एका दुपारी वावधन, सोसाट्याचं वादळ, आलं आणि चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात निघून गेलं. मग घरात एवढा उजेड झाला की बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "दार कोनं उघडलं?" दार बंदच होतं. मधल्या खोलीवरची पाच टिनं उडाली होती.

दोन टिनं समोरच्या आरा मशीनच्या आवारात सागवानावर जाऊन पडली. एक आमच्याच कडुनिंबात अडकून वाजत राहिलं. बाकीची दोन मागच्या संत्र्याच्या बगिच्यात सापडली, पार दुमडलेली, पानाचा विडा बांधावा तशी.

घर अचलपुरातलं, विटांच्या भिंतींचं. छप्पर मी माझ्या हातानं घातलेलं. माझा धंदाच तो. चौथीत शाळा सुटली आणि हातात हातोडी आली, ती गुडघ्यांनी जवाब देईपर्यंत सुटली नाही. अचलपूर, परतवाडा, अंजनगाव, वर पार सेमाडोहपर्यंत माझी छपरं आहेत. मी घातलेलं टिन उडालं असं कोणी दाखवून द्यावं, असं मी पानटपरीवर उभं राहून मोठ्यानं बोलत आलो. त्या दुपारपर्यंत.

संध्याकाळी अकोल्याहून लेकीचा फोन आला. ती तिथं दवाखान्यात नर्स आहे. तीन वर्षांपूर्वी तिनं माझ्या नावानं या घराचा विमा काढला, हप्ता तीच भरते. तेव्हा मी हसलो होतो. मिस्त्रीच्या घराला विमा म्हणजे हलवायाच्या घरी बाहेरून पेढे आणण्यासारखं.

"बाबा, कशालेच हात लावू नका. फोटो काढा अन् मले पाठवा. आजच कंपनीले कळवा लागते."

"आज नाई."

"कावून?"

"मले इचार करू दे."

"याच्यात इचार कायचा? टिनं उडाले, विमा आहे."

"तू रविवारी ये. तवा सांगतो."

विचार करण्यासारखं होतं, आणि ते मलाच ठाऊक होतं.

आमच्याकडं उन्हाळ्यात टिनाखाली माणूस भाजून निघतो. म्हणून चैत लागला की लोक टिनावर तुराट्या पसरतात, तुरीची वाळकी झाडं. त्यांची सावली पडते, खोली जरा निवते. तुराट्या उडू नयेत म्हणून त्यांच्यावर गोटे ठेवावे लागतात. टिनाच्या काठावर तर बारा महिने गोटे असतातच, वारा खालून शिरू नये म्हणून. ज्याचं ज्याचं छप्पर घातलं त्याला मी शिडी उतरता उतरता सांगायचो, काठावरचा गोटा हलवू नका.

यंदा बायको बाजारात गेल्याचं पाहून मी वर चढलो. तुराट्या दोरीनं ओढून घेतल्या, पसरल्या. गोटे खालीच राहिले. ते वर द्यायला कोणाला हाक मारली असती तर सगळ्या गल्लीनं म्हाताऱ्याला शिडीवर पाहिलं असतं, आणि हात धरून उतरवलं असतं. ते मला चालण्यासारखं नव्हतं. मग मी पश्चिमेच्या काठावरचेच गोटे उचलले आणि मधे तुराट्यांवर मांडले. टिनं धरून ठेवणारे हूक तपासायचे राहिले. त्यासाठी गुडघ्यावर बसावं लागतं. पावसाच्या आधी गोटे परत जागेवर ठेवू म्हटलं आणि उतरलो.

वावधन पश्चिमेकडूनच आलं.

विम्याच्या अर्जात नुकसान कसं झालं ते लिहावं लागतं. खरं लिहिलं तर मिस्त्री म्हणून कमावलेलं नाव जाणार. वादळानं नेलं एवढंच लिहिलं तर त्या कागदाखाली सही माझी, आणि मी ती रोज आठवणार. अर्जच केला नाही तर सगळं झाकून जाईल, पण मग नवं छप्पर कशातून घालायचं, आणि हप्ते भरणाऱ्या लेकीला काय सांगायचं?

असा मी रविवारपर्यंत त्या भोकाखाली पडून राहिलो. बायकोनं आपलं अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. मी खाट हलवली नाही.

ते दिवस मला धड आठवत नाहीत, आणि विसरताही येत नाहीत. सकाळी उन्हाचा एक चौकोन गव्हाच्या कोठीवर चढायचा, दुपारी माझ्या छातीवर यायचा, मग भिंतीवरून सरकत सरकत जायचा. कडुनिंबाचा बारीक मोहर गळून गोधडीवर पडायचा. वर घार फिरायची. ती चौकटीतून निघून गेली की मी तिची वाट पाहायचो, आणि ती आली की वाटायचं, मीच कुठंतरी जाऊन आलो.

डोळा लागला की मी छपरावर असायचो. कोणत्या गावचं ते कळायचं नाही. खाली बाया कुरड्या घालत असायच्या, त्यांचं बोलणं वर येईस्तोवर मऊ व्हायचं. एकदा सेमाडोहला असंच झालं होतं, जागेपणी. पावसाळ्याच्या तोंडाशी काम निघालं आणि सकाळी धुकं आलं. मी आढ्यावर बसलेलो, आणि ज्या टिनावर बसलो त्याचंच दुसरं टोक दिसेना. खालचं घर गेलं, जंगल गेलं. मी मांडीवर हातोडी घेऊन जमीन परत यायची वाट पाहत बसलो. भीती नव्हती वाटली. एवढं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही. त्या भोकाखाली पडल्या पडल्या ते धुकं खोलीत उतरायचं, आणि अर्ज, कंपनी, गोटे सगळं त्याच्यात बुडून जायचं. मग कडुनिंबातलं टिन वाजायचं आणि मी खाटेवर असायचो.

शुक्रवारी नमाजानंतर आरा मशीनवाला आला. त्याचा बाप माझ्या बापाला लाकूड द्यायचा, तेव्हापासूनची ओळख. त्यानं आपल्या आवारातली दोन टिनं परत आणली होती. खाटेशेजारी उभा राहून त्यानं वर पाहिलं.

"वा मिस्त्री! हवामहल बांधला की काय?"

"बस. पानी पे."

"अर्ज केला का?"

"नाई."

तो जरा जवळ आला. "गोट्यापायी थांबून राहिले ना? मी पायलं होतं तुमाले त्या दिवशी, गोटे उचलताना. मले वाटलं, मिस्त्री आहे, काई हिसाब असंल त्याचा."

माझी मान खाली गेली. एवढे दिवस मी समजत होतो की हे कोणालाच ठाऊक नाही.

"मंग बोलला कावून नाई?"

"तुमाले कोन शिकवनार, बाबा? मांगं एकदा शिकवाले गेलो तं आठ दिवस बोलले नाई तुमी माह्याशी." तो हसला. "हे पाय, हवा आली, टिनं गेले. खतम. मी कोनाले सांगनार नाई, खुदाची कसम."

त्यानं मला सोडवायलाच ते म्हटलं. पण तो गेल्यावर वर पाहवेना. मी कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

बायकोनं दाराआडून सगळं ऐकलं होतं. ती आत आली आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. मला वाटलं, शिडीवर चढलो म्हणून बोलेल. तिनं ते काढलंच नाही.

"चार दिवसांपासून चुलीजवळ झोपून राहिली मी," ती म्हणाली. "छप्पर माह्या डोक्यावरचं गेलं अन् तोंड तुमी लपवून राहिले."

"नाव जाते माह्यं."

"कोनाजवळून जाते? त्या आरा मशीनवाल्यानं पायलं तरी टिनं डोक्यावर घेऊन आलाच ना तो? पोरगी रात्रपाळ्या करून विमा भरते. तिले काय सांगान, बापाले चूक कबूल करता येत नाई म्हनून माय चुलीजवळ झोपते?"

ती गोधडी झटकून गेली. मोहर सगळ्या खोलीत उडाला.

रविवारी लेक पहिल्या एसटीनं आली. पाय धुतले, चहा घेतला, आणि मोबाइल काढून माझ्या शेजारी बसली. "नुकसान कसं झालं?" तिनं वाचलं आणि स्वतःच बोलत लिहायला लागली, "वादळामुळे छपराची पाच टिनं..."

"थांब," मी म्हटलं. "मी सांगतो तसं लिव. काठावरचे गोटे घरमालकानं हलवले होते. घरमालक म्हंजे मी."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. आई कणीक मळत होती, तिनं मान वर केली नाही.

"बाबा, असं कोनी लिवत नाई. कंपनी पैसे देनार नाई."

"नाई देल्ले तं नाई. सही माही आहे ना?"

"तुमचा हट्ट!" ती वैतागली. पण तिनं लिहिलं. लिहिताना एकदा नाक पुसलं, सर्दीनं की कशानं, मी विचारलं नाही. मग मला वाचून दाखवलं. तिनं 'चुकून हलवले' असं घातलं होतं. मी 'चुकून' काढायला लावलं.

बुधवारी अमरावतीहून कंपनीचा सर्वेअर आला. हेल्मेट काखेत धरून त्यानं भोक पाहिलं, दुमडलेली टिनं पाहिली, फोटो काढले. छापून आणलेल्या अर्जावरची माझी ओळ त्यानं दोनदा वाचली.

"आजोबा, हे तुम्हीच लिहिलं?"

"लेकीनं लिवलं. बोललो मी."

"क्लेम कापला जाऊ शकतो. नामंजूरही होऊ शकतो."

"वारा कुठून शिरला ते दाखवू का तुमाले?"

मी त्याला पश्चिमेच्या भिंतीपाशी नेलं. कोणता हूक आधी निघाला असेल, टिन कसं उचललं गेलं असेल, दुसऱ्याला त्यानं कसं ओढलं असेल, सगळं हातानं करून दाखवलं. तो लक्ष देऊन ऐकत होता, लिहीत होता. मधेच त्यानं विचारलं, "धंदा काय लिहू तुमचा? रिकामं ठेवू?"

"छपराचा मिस्त्री लिवा," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला.

कंपनीचं उत्तर अजून आलं नाही. लेक तिकडं अकोल्यात रोज मोबाइल पाहते, मी विचारत नाही. सर्वेअर हात लावायची परवानगी देऊन गेला, म्हणून तोवर शाबूत राहिलेली तीन टिनं आणि वरून ताडपत्री टाकायला मी परतवाड्याचा एक मिस्त्री बोलावला आहे. माझ्या घरावर दुसरा माणूस चढायची ही पहिलीच वेळ. तो वर आहे, मी खाली खाटेवर बसून हे लिहून राहिलो. उजेड हळूहळू कमी होतो आहे. आत्ता त्याचा एक ठोका वाकडा पडला, मला आवाजावरून कळलं. बायकोनं स्वयंपाकघरातून माझ्याकडं पाहिलं. मी लिहीतच राहिलो. त्यानं खिळा उपसला आणि पुन्हा सरळ ठोकला.