माहेरी गेलेला डेटा

"ये उन्नीस का क्या है, मॅडम?" राव सरांनी भिंतीवरच्या पडद्याकडे पेन रोखून विचारलं.

पडद्यावर माझा डॅशबोर्ड होता. बाजारहत्नूर मंडलाचा नकाशा आणि त्यावर एकोणीस लाल ठिपके. मंडल म्हणजे आमच्या तेलंगणात तालुक्याहून लहान भाग. एक ठिपका म्हणजे एक गरोदर बाई, सातवा महिना उलटलेली, जिला महिनाभरात आमच्या नर्सने भेट दिल्याची नोंद नाही. इंद्रवेल्लीत असे दोन ठिपके होते, बाकी मंडलांत एखाद-दुसरा. बाजारहत्नूर गोवर आल्यासारखं दिसत होतं.

"ते सुनंदा सिस्टरचं मंडल आहे, सर."

"शनिवारी कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलची यादी जाते. उनका नाम मत डालिए. नाही तर मला रीझन द्या."

राव सर हैदराबादचे. आमच्याशी हिंदी आणि मराठी कालवून बोलतात. माणूस वाईट नाही, पण पडद्यावर दिसेल ते खरं, असा त्यांचा बाणा. तेव्हा माझाही तोच होता. नकाशा मी बनवला होता, आणि माझ्या कामात चूक असू शकते हे पटायला मला वेळ लागतो. घरी कुणालाही विचारा.

आमची संस्था आदिलाबाद जिल्ह्यात गरोदर बायकांच्या तब्येतीचं काम करते. नर्स गावोगाव फिरून बीपी, वजन, रक्त तपासते आणि मोबाइलवर भरते. तो सगळा डेटा माझ्याकडे येतो. पूर्वी प्रत्येक जण एक्सेलची फाइल आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा आणि मीटिंगमध्ये चौघांचे चार आकडे निघायचे. मग भांडणं. त्यावर उपाय म्हणून शेअर्ड डेटा सोर्स आला. म्हणजे एकाने डेटा साफसूफ करून सर्व्हरवर ठेवायचा आणि बाकीच्यांनी आपली वेगळी प्रत न काढता आपला रिपोर्ट त्यालाच कनेक्ट करायचा. लग्नात वरण एकाच पातेल्यात शिजतं तसं. पंगत कितीही बसू दे, चव एकच. फक्त मीठ राहिलं तर ते सगळ्यांच्याच पानात राहतं, एवढं लक्षात ठेवायचं. मी नेमकं तेच विसरले होते.

नकाशा सुरू होऊन तीनच महिने झाले होते. मी सुनंदा सिस्टरला फोन लावला.

"सिस्टर, एकोणीस बायकायच्या भेटी नाई दिसून राह्यल्या. काऊन?"

"मॅडम, त्या गावात नाई न. माहेरी गेल्या."

"एकोणीसच्या एकोणीस?"

"हो न. बाळंतपनाले."

मला तो सरळसरळ बहाणा वाटला. "सिस्टर, कॉम्प्युटरले माहेर-सासर समजत नाई. नोंद हाय का नाई, तेवढं सांगा. तुमच्या कॉन्ट्रॅक्टचा सवाल हाय."

मग ती म्हणाली, "मी उद्या येते दफ्तरात."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती आली, इच्चोड्याला बस बदलून. अकरा वर्षं ती या कामात आहे. सावळी, ठेंगणी, खांद्याला पिशवी. तिने खुर्ची ओढली आणि पिशवीतून शाळकरी वही काढून माझ्या टेबलावर उघडी ठेवली. पानापानावर हाताने रकाने आखलेले. बाईचं नाव, संस्थेचा कार्ड नंबर, माहेरचं गाव, तिकडच्या सिस्टरचा फोन, शेवटचं बीपी आणि तारीख. बहुतेक तारखा त्याच महिन्यातल्या होत्या.

"हे लिहायला कोणी सांगितलं तुमाले?"

"कोनी नाई. आमी सिस्टर-सिस्टर फोनवर बोलतो. पोरगी इकडून निघाली का मी तिकडच्या सिस्टरले सांगते. ती बीपी पाहून मले सांगते. तिकडची इकडं आली त मी तिले सांगते."

"तिकडं म्हणजे?"

"किनवटकडं. माह्या गावायतल्या सुना सगळ्या तिकडच्याच हायेत."

मी तरीही ऐकेना. म्हटलं, वही राव सरांना दाखवून चालणार नाही, त्यांना सिस्टीममध्ये दिसलं पाहिजे. तिने वही आणखी माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, रागाऊ नका. तुमी पयल्या बाळंतपनाले कुठं गेल्या होत्या?"

"मुधोळला," मी म्हणाले. "माहेरी."

पुढे काही बोलायची तिला गरज नव्हती. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि माझे दादा मला न्यायला आले होते. सासरच्या गावातल्या नर्ससाठी मीसुद्धा एक लाल ठिपकाच झाले असते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि मीच असा नकाशा बनवला होता, ज्यात सासर सोडलेली बाई हरवलेली धरली जाते. मला मनापासून लाज वाटली. तिच्यासमोर तेवढं कबूल करायचं मात्र तेव्हा जमलं नाही. मी वहीतले कार्ड नंबर उतरवून घ्यायला लागले. तिने एका ओळीवर बोट ठेवून काहीतरी सांगायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, "थांबा सिस्टर, आधी तुमची नोकरी वाचवू द्या." माझं उतरवून झाल्यावर तिने वही पिशवीत टाकली आणि दुपारच्या बसने परत गेली.

आता घोळ कुठे होता ते सांगते. बाकीच्या मंडलांतल्या बायकांचं माहेर बहुतेक जिल्ह्यातच असतं. तिथली नर्स भेट देते, नोंद त्याच डेटा सोर्समध्ये पडते, ठिपका हिरवा होतो. बाजारहत्नूरच्या कडेची गावं मराठी. त्यांचे सोयरसंबंध राज्याच्या सीमेपलीकडे. तिथेही आमच्याच संस्थेचं काम चालतं, पण ते महाराष्ट्र, म्हणून प्रोजेक्ट वेगळा, ऑफिस वेगळं आणि डेटा सोर्सही वेगळा.

मग तो मला कधी दिसला कसा नाही? सॉफ्टवेअरमध्ये कनेक्ट करायला गेलं की सर्व्हरवरच्या सोर्सची यादी उघडते. ती यादी फक्त तुम्हाला परवानगी असलेल्या सोर्सची असते. बाकीच्यांना कुलूपही दिसत नाही, ते यादीत नसतातच. मी ती यादी रोज बघत होते आणि जगात तेवढंच आहे असं धरून चालले होते.

किनवटचा डेटा गजाननभाऊ सांभाळतात. त्यांना फोन केला.

"ताई, माही काई हरकत नाई," ते म्हणाले. "पन बायकायच्या तब्येतीचा डेटा हाय. तुमच्या सायबाचं मेल पायजे."

राव सरांना मेल पाठवायला सांगितलं तर ते सावध झाले. "तीच बाई इकडे मोजणार, तिकडेही मोजणार. डबल काउंट झालं तर वर जवाब कौन देगा?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "सर, बाई मोजायची सासरच्याच प्रोजेक्टने. माहेरकडून फक्त भेटीची तारीख घ्यायची. कार्ड नंबर दोन्हीकडे एकच आहे, त्यावर जोडणार."

"आणि इतके दिवस का नाही जोडलं?"

"माझी चूक, सर. विचारलंच नाही."

हे वाक्य मी ऑफिसात पहिल्यांदा बोलले असेन. त्यांनी मेल केला.

गुरुवारी परवानगी आली. किनवटचा रिपोर्ट उघडला, आकडे दिसले, पण माझा नकाशा कनेक्ट करायला गेले तर एरर. पुन्हा गजाननभाऊ. ते हसले. "ताई, पाहाची परवानगी देल्ली, जोडाची रायली." या दोन परवानग्या वेगळ्या असतात हे पुस्तकात वाचलं होतं. डोक्यात शिरलं ते तेव्हा.

शुक्रवारी दुपारी दोन्ही सोर्स कार्ड नंबरवर जोडले आणि रिफ्रेश दाबलं. बाजारहत्नूरचे ठिपके हिरवे झाले. अठरा. मी दोनदा मोजले. खुर्चीतच जरा उड्या मारल्या म्हणा ना. लगेच सुनंदा सिस्टरला फोन लावला.

"सिस्टर, झालं! अठरा हिरवे. एकच राह्यला."

"रेनुका न?" ती म्हणाली.

मी पडद्यावर बघितलं. रेणुकाच होती.

"मॅडम, तिच्यासाठीच त मी आली होती. तिचं माहेर लय आत हाय, तिथं तिकडची सिस्टरबी जात नाई. तिच्या घरचा फोन लागत नाई. इकडून गेली तवा पाय सुजले होते तिचे. तुमी माह्या नोकरीचंच बोलत राह्यल्या."

एकोणीस लाल ठिपक्यांत एक ठिपका खरोखर लाल होता आणि बाकीच्या अठरांमुळे तो कुणालाच दिसत नव्हता. ज्या बाईला कामचुकार ठरवायला आम्ही निघालो होतो, तेवढ्या एकीलाच तो माहीत होता.

गजाननभाऊंना गाव सांगितलं. आमच्या हद्दीत येत नाही असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांची नर्स शनिवारी सकाळी मोटरसायकलवर मागे बसून त्या गावात पोचली. रेणुकाचं बीपी फारच वाढलं होतं. तिला गाडीने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

त्याच वेळी इकडे मीटिंग चालू होती. राव सरांच्या लॅपटॉपवर अजून जुनाच नकाशा, एकोणीस लाल ठिपक्यांचा. त्यांच्या नावाला किनवटची परवानगी नव्हती, म्हणून त्यांच्याकडे नवा नकाशा उघडेना. मी माझा लॅपटॉप उचलून त्यांच्यासमोर ठेवला. तेवढ्यात गजाननभाऊंचा फोन आला, तो स्पीकरवर टाकला. ऐकून राव सरांनी चष्मा काढला, पुसला आणि यादीत सुनंदा सिस्टरचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं.

रेणुकाला मुलगी झाली. वजन कमी होतं, पण दोघी सुखरूप घरी गेल्या.

सिस्टर कॉन्ट्रॅक्टवर सही करायला आली तेव्हा मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम," आणि माझ्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून घेतला.

नकाशात मी आता तिसरा रंग टाकला आहे, राखाडी. नर्सने भेट दिली नाही तर लाल. भेट झाली की नाही हे आम्हालाच ठाऊक नसेल तर राखाडी. खाली तसं स्पष्ट लिहिलंय: "आम्हाला माहीत नाही." या दोन गोष्टी मी इतके दिवस एकाच रंगात रंगवत होते आणि त्यात एका बाईची नोकरी जात होती, दुसरीचा जीव.

परवा राव सर म्हणाले, "मॅडम, ग्रे बहुत दिख रहा है. वरून पाहुणे येणार आहेत. थोडा कमी करता येईल?"

"येईल की, सर," मी म्हणाले. "सुनंदा सिस्टरला दोन दिवस इथे बोलावून घ्या. तिला विचारून भरते."