ताईची यादी आणि निताईदांचा कातला

ज्या घरात सगळे कशाची तरी वाट बघत असतात, त्या घरात किस्से फार साठतात. एरवी माणसं आपापल्या कामाला निघून जातात. वाट बघताना मात्र सगळी घरातच घोटाळतात, एकमेकांच्या पायात येतात आणि काहीतरी बोलून बसतात. मी चारचौघांत फारसं बोलत नाही, त्यामुळे दुसऱ्यांचं बोलणं माझ्याकडे उरतं. गेल्या दीड वर्षात इतकं उरलंय की आता कुणाला तरी सांगायलाच हवं.

वाट बघतेय ती माझी ताई, सानिका. मेडिकलच्या प्रवेशाची. बाबा रेल्वेत आहेत आणि आम्ही कोलकात्यात गार्डन रीचच्या क्वार्टर्समध्ये राहतो. आमच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर बर्वेकाका राहतात. एवढी माणसं कळली की पुढचं सगळं कळेल. हो, आणि एक मासेवाले. ते येतीलच.

* * *

ताईला डॉक्टर व्हायचं नव्हतं. बारावीला तिच्याकडे गणित होतं, कॉम्प्युटर होतं, बायॉलॉजी नव्हतं. परीक्षा संपली आणि आठवड्याभरात बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात दिवसा त्यांच्यापाशी ताई बसायची.

सकाळी डॉक्टर राउंडला आले की ताई सुरू. पित्ताशय काढलं तर पित्त कुठे जातं? ही नळी कशाची? हिच्यातून येतंय ते लाल का, आणि काल पिवळं का होतं? डॉक्टर पहिले दोन दिवस उत्तरं देत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी फाइल मिटली आणि बाबांना विचारलं, "आपको कुछ पूछना है? या मैं इनके सवाल खतम करके आऊँ?"

बाबा म्हणाले, "मला काहीच विचारायचं नाही. मला आता सगळं माहीत झालंय!"

घरी परत येताना टॅक्सीत ताई म्हणाली, "मला हेच करायचंय." टॅक्सी खिदिरपूरच्या पुलावर अडकली होती. आईला वाटलं, ती टॅक्सीबद्दलच काहीतरी बोलतेय.

* * *

मग कळलं की बारावीच्या गुणपत्रिकेवर बायॉलॉजी नसेल तर मेडिकलचं दार उघडतच नाही. प्रवेश परीक्षेत कितीही मार्क मिळवा. म्हणजे आधी बायॉलॉजी हा जादा विषय घेऊन बारावीची परीक्षा पुन्हा द्यायची, प्रॅक्टिकलसकट, आणि शिवाय प्रवेश परीक्षा. ताईच्या मैत्रिणी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलांत राहायला गेल्या. ताई घरी बसली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

पहिलं पान माझ्या पुस्तकात होतं. मी तेव्हा नववीत होते, आणि पेशी म्हणजे काय हे माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात सगळ्यांत सोपं दिलं होतं. इतर घरांत मोठीची पुस्तकं धाकटीला मिळतात. आमच्याकडे उलटं झालं.

शाळेत मॅडमनी विचारलं, "तुझं पुस्तक कुठे?"

मी खाली बघत म्हटलं, "बहिणीला लागतंय."

"अच्छा, लहान बहीण. कितवीत आहे?"

"बारावी झाली."

सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या. मला तेव्हा फार लाज वाटली होती. ताईला सांगितलं तर ती हसली नाही. तिने पुस्तक मिटलं, माझ्या दप्तरात घातलं, आणि त्या दिवसापासून मी शाळेतून आल्यावरच मागायला लागली.

* * *

आता मासेवाले.

ताईला चित्रं बघून लक्षात राहत नाही. माशाचे कल्ले, माशाचं दोन कप्प्यांचं हृदय, हे ती पाच वेळा काढायची आणि पाच वेळा चुकायची. "मला खरं बघायला हवं," ती म्हणाली. आमच्या घरात मासा येत नाही. अंडंसुद्धा बर्वेकाकांकडे जाऊन खावं लागतं. आई म्हणाली, "अख्ख्या कोलकात्यात मासे आहेत. बाहेर जाऊन काय बघायचं ते बघ."

म्हणून आम्ही दोघी बाजारात गेलो. निताईदा पाटावर बसतात, समोर विळीसारखं पण तिच्या दुप्पट उभं पातं, एक पाय त्यावर, आणि दोन्ही हात सतत चालू. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, घाई केली की त्यांचा एकच शब्द, "दाँडान!" म्हणजे थांबा. एकदा एक साहेब गाडीतून न उतरता ओरडत होते. त्यांनाही मान वर न करता, "दाँडान!" हात मात्र थांबत नाहीत.

ताई दहा फुटांवर ओढणी नाकाला लावून उभी राहिली. पाच मिनिटं झाली तेव्हा निताईदा म्हणाले, "क्या देखता है, दीदी? मोरा हुआ है, भागेगा नहीं!"

"मुझे इसका दिल देखना है," ताई म्हणाली.

आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले. निताईदांनी मात्र विचारलं नाही की कशाला. कातला मासा चिरता चिरता बोटाने हृदय बाहेर काढलं आणि पाटाच्या कडेला ठेवलं. केवढंसं होतं! जांभळाच्या बीएवढं.

मग रोज सकाळी तासिका सुरू झाली. निताईदा एक तुकडा वर धरायचे, "बोलिए!" ताई सांगायची. एकदा एक पांढरी पिशवी वर धरली आणि ताई म्हणाली, "जठर." मागे रांगेत एक आजी होत्या, हातात नायलॉनची पिशवी. त्या आपल्या नातवंडाला सांगावं तसं म्हणाल्या, "ना मा, ही हवेची पिशवी. हिच्यामुळे मासा तरंगतो. तळून फार छान लागते."

ताईने ते वहीत लिहून घेतलं. "तळून छान लागते" हेसुद्धा!

* * *

घरी आलं की ताई दोनदा साबणाने हात धुवायची. तरी वास राहायचाच. आई काही बोलायची नाही, आणि ताईला वाटायचं, आईला कळत नाही. महिन्याभराने माझ्या लक्षात आलं की न्हाणीघरातल्या बेसिनवर रोज सकाळी अर्धं लिंबू ठेवलेलं असतं. पिळलेलं नाही, कापून नुसतं ठेवलेलं.

मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. तू आईला सांगू नकोस की मला माहीत आहे."

* * *

बायॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला ताईचं केंद्र दुसऱ्याच शाळेत आलं. पांढरा कोट घालून या, असं सांगितलेलं. बर्वेकाकूंनी बर्वेकाकांचा जुना कोट कापून शिवून दिला, तो गुडघ्याखाली पोचला. ताईला चष्मा आहे, आणि त्या दिवशी काळजीने तिचा चेहरा फार कडक दिसत होता.

ती प्रयोगशाळेच्या दारात पोचली आणि आतली बारावीची सगळी मुलं उभी राहिली. "गुड मॉर्निंग, मॅम!"

 ताई म्हणाली, "गुड मॉर्निंग, सिट डाउन," आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसली!

* * *

बायॉलॉजीत मार्क चांगले आले. प्रवेश परीक्षेतले अगदी काठावरचे. आणि तेव्हा आम्हाला कळलं की आम्ही कुठलेच नाही.

महाराष्ट्राच्या यादीसाठी दहावी-बारावी तिथे झालेली हवी. ताईची दोन्ही इथे झाली. बंगालच्या यादीसाठी इथे सलग दहा वर्षं राहिलेलं हवं. आम्हाला खडगपूर धरून पाच झाली. बर्वेकाका बाबांना म्हणाले, "अरे, एकदा जाऊन तर विचार. केंद्र सरकारची नोकरी आहे, काहीतरी सवलत असेल." बाबा एका कार्यालयात गेले. मी सोबत होते, फाइल धरायला.

टेबलामागच्या गृहस्थांनी फॉर्म पुढे ओढला, पेन उघडलं आणि विचारलं, "इसके पहले कहाँ रहते थे?"

बाबा सांगायला लागले. "खडगपूर. उसके पहले बिलासपूर. उसके पहले नागपूर. बडनेरा. भुसावळ..."

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "दाँडान, दाँडान. मैंने पता पूछा, आप टाइम टेबल बता रहे हैं!"

बाबा मोठ्याने हसले. जिना उतरताना मात्र हसले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडून फाइल घेतली आणि स्वतःच धरली. "माझ्या बदल्या," एवढंच म्हणाले. 

तेव्हा आता एकच यादी उरली. साऱ्या देशाची. तिच्या चार फेऱ्या.

* * *

पहिली यादी आली तेव्हा ताई म्हणाली, "तू बघ. मी नाही बघणार." मी नंबर टाकून शोधलं, सापडला नाही. बाबांचा मशिनवर विश्वास नाही. ते पहिल्या पानापासून बोटाने बघायला लागले. शेकडो पानं! संध्याकाळी बोट थांबलं. "नाही," ते म्हणाले. जसं काही ही बातमी आत्ताच आली होती.

दुसऱ्या फेरीनंतर बाबांनी रेल्वेतला धीर दिला. "वेटिंगवर असताना माणसाने चार्ट लागेपर्यंत आशा सोडायची नाही. आयत्या वेळी कितीतरी लोक प्रवास रद्द करतात."

ताईने जरा वेळाने विचारलं, "बाबा, म्हणजे मला जागा मिळायला कुणीतरी सोडायला हवी. मग मी रोज सकाळी उठून कुणाचं तरी वाईट चिंततेय का?"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "नाही गं. त्याला आणखी चांगली गाडी मिळाली असं धरायचं."

* * *

इथल्या मराठी मंडळींचं दर महिन्याला एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमणं असतं. सप्टेंबरात बर्वेकाकांकडे होतं. काकांनी सगळ्यांना आधीच फोन करून बजावलं होतं, "पोरीला कुणी काही विचारायचं नाही!"

कुणीही विचारलं नाही. साबुदाण्याच्या वड्यांबद्दल बोलले, न्यू टाउनातल्या भाड्यांबद्दल बोलले, दुर्गापूजेच्या मंडपांमुळे रस्ते कसे अडलेत ते बोलले. आणि एकेक जण काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात येत होतं. तिथे मी वड्यांवर चटणी वाढत होते.

"काय गं, झालं का काही?"

"अजून नाही."

मग पुढचे. मी कधी नव्हे इतकं त्या दिवशी बोलले. शेवटी ताई पाणी प्यायला आत आली. भांडं तोंडाला लावण्याआधी म्हणाली, "किती झाले?"

"सात."

"काका धरून?"

"काका धरून आठ. ते दोनदा आले, पण एकदाच मोजले."

* * *

तिसरी यादी एका गुरुवारी दुपारी आली. मी शोधलं. बाबा ऑफिसात होते, आई खुर्चीच्या मागे उभी होती. मी फोनवरून मान वर केली आणि ताई म्हणाली, "कळलं." आता एकच फेरी उरली होती, शेवटची, उरल्यासुरल्या जागांची. आईने कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मला म्हणाली, "चल, बाजारात जाऊन येऊ." अभ्यास तर कधीच संपला होता. तरी ती चप्पल घालून दारात उभी होती. मीही निघाले.

पूजा तोंडावर आलेली, त्यामुळे ही गर्दी! निताईदांच्या पाटासमोर दहा-बारा माणसं. त्यांनी ताईला बघितलं, तुकडा वर धरला आणि म्हणाले, "बोलिए!" मग तिच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि तुकडा खाली ठेवला.

ताईने तुकड्याकडे बघितलंच नव्हतं. "अंगूठे को क्या हुआ?" तिने विचारलं.

डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती, भिजलेली, काळपट.

"कुछ नहीं. थोड़ा काट गया."

"कब?"

"मोंगोलबार."

"आज शुक्रवार आहे," ताई मराठीतच बोलली. मग म्हणाली, "खोलिए."

"अरे दीदी, काम का टाइम है. बाद में."

"खोलिए!"

ताईचा असा आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. निताईदांनी पात्यावरचा पाय काढला. ती समोरच्या उलट्या टोपलीवर बसली, माझ्याकडून पाण्याची बाटली घेतली आणि त्यांचा हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवून चिंधी सोडवायला लागली. हळूहळू, पाणी घालत. आतलं बघून मी मान फिरवली. तिने फिरवली नाही. बोट दाबून विचारलं, इथे दुखतं का, इथे? इंजेक्शन घेतलं का? रात्री ताप येतो का? निताईदा शाळेतल्या मुलासारखे एकेक उत्तर देत होते.

"हे आज हॉस्पिटलात दाखवायचं. आजच. मी सोबत येते," ताई हिंदीत म्हणाली, आणि स्वतःचा स्वच्छ रुमाल घडी करून अंगठ्याभोवती गुंडाळायला लागली.

मागे रांग वाढत चालली होती. नायलॉनच्या पिशवीवाल्या आजीही होत्या. कुणीतरी ओरडलं, "ओ निताई! आमार कातलाटार की होलो? आणखी किती वेळ?"

निताईदांचे दोन्ही हात स्थिर होते. मान वर न करता ते म्हणाले,

"दाँडान! डाक्तार देखछेन."