आईच्या उरलेल्या गोळ्या

दौंड स्टेशनात हावड्याची गाडी लागली आणि आईनं माझ्या हातात एक पुरचुंडी कोंबली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली, वर घट्ट गाठ. मला वाटलं, येमाईचा अंगारा असेल. सोडून पाहिलं तर कापलेल्या पाकिटांतल्या गोळ्या, कशात दोन, कशात तीन.

"ताप आला तर ह्यातली घे. परक्या मुलखात डाक्टर कुठं हुडकत बसशील?"

आप्पा खिडकीशी उभे राहून "पाण्याची बाटली घेतली का?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. जीवाणूंवर औषधं का चालेनाशी होतात ते शोधायला पोरगी कोलकात्याला निघालेली, आणि तिची आई तिला उरलेल्या अँटिबायोटिकची शिदोरी देत होती. मला हसू आलं. गाडी हलली तसं रडूही आलं.

आमच्या गावात, कवठे येमाईत, मागं राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना आईचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठाऊक आहे. तुमच्यापैकी निम्म्यांनी त्यातलं काहीबाही गिळलंय. आई औषध पुरतं कधी घ्यायची नाही. "बरं वाटलं की थांबायचं. उगं वाया कशापायी घालवायचं?" उरलेलं डब्यात जायचं. मग कुणाचं पोर तापलं, कुणाचा काटा चिघळला, की शेजारच्या पारूकाकी परसातून हाक मारायच्या, "अगं, ती पिवळी गोळी हाय का?" विरजण मागावं तशी गोळी मागायची. आणि दोन्हीला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही.

कोलकात्यात मी लॅबमधल्या पोरांची दीदी झाले. सकाळी इनक्युबेटरमधून जीवाणू वाढवलेल्या प्लेटा काढायच्या आणि उजेडात धरायच्या. औषधाच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल पडला, की औषध चालतंय. हल्ली पुष्कळदा जीवाणू टिकलीला खेटून वाढलेले दिसतात, टिकली जशी काही तिथं नाहीच. औषधातून वाचायची युक्ती ते एकमेकांना देतात, पारूकाकींनी वाटीभर विरजण न्यावं तशी. हे मी पोरांना हिंदी-बंगाली-इंग्रजीच्या खिचडीत समजावते आणि सांगता सांगता आमच्या परसात जाऊन पोचते. मग कुणीतरी "दीदी?" म्हणतं आणि मला परत यावं लागतं.

इथलं दही गोड. मी खाते, तोंडदेखलं कौतुकही करते. पण बाजरीच्या भाकरीवर ओतायचं आंबट दही आठवलं, की रडू येतं. दह्यासाठी रडणारी शास्त्रज्ञ म्हणून हसायचं तर हसा. माझ्यासारखे जे गाड्या धरून गेले, ते हसणार नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात आईला लघवीचं इन्फेक्शन झालं. हुडहुडी भरून ताप. आधी डब्यातल्या गोळ्या झाल्या, मग शिरूरचा दवाखाना. आप्पांनी रिपोर्टचा फोटो पाठवला. असे रिपोर्ट मी रोज वाचते, पण त्यांवर नंबर असतो. ह्यावर आईचं नाव होतं. औषधांपुढे ओळीनं 'आर', म्हणजे रेझिस्टंट, म्हणजे चालत नाही. तळाशी दोन औषधं तेवढी शिल्लक, तीही शिरेतून द्यायची. हे सगळं एका डब्यानं केलं असं मी म्हणणार नाही. ते जीवाणू पोल्ट्रीच्या शेडमधून, ओढ्यातून, कुठल्याही दवाखान्यातून आले असतील. पण त्या वेळी मला शास्त्र नको होतं, आई हवी होती. मिळेल त्या गाडीनं निघाले.

औषध लागू पडलं. ताप उतरला तशी आई उठून बसली. "बरं वाटतंय आता. काढाया सांग ही सुई. राह्यलेलं घरी नेऊ."

"आई, शेवटचं इंजेक्शन होईपर्यंत मी इथनं हलणार नाही."

"एवढी शिकलीस आन् आईलाच कोंडून घालतीस व्हय?" असं म्हणाली खरी, पण सगळी घेतली. माझ्याकडं रागानं बघत घेतली.

घरी आल्यावर मी डबा रिकामा केला. गोळ्या नीट नष्ट करायला बरोबर बांधून घेतल्या. संध्याकाळी परसातून हाक आली. आई म्हणाली, "न्हाई गं पारू, आता गोळी न्हाई. डाक्टरला दाव." मग चुलीपुढं बसून राहिली. "पयल्यांदाच न्हाई म्हनले मी कुनाला," एवढंच बोलली. माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जायच्या आदल्या दिवशी ती रिकाम्या डब्याकडं बघत म्हणाली, "आता जाताना तुला देऊ तरी काय?"

दौंडला गाडी लागली आणि हातात पुन्हा पुरचुंडी आली. आत लुगड्याचं फडकं, कडक झालेलं. विरजणात बुडवून सावलीत वाळवलेलं. "कोमट दुधात टाक. ह्ये तरी चालंल ना तुज्या लॅबला?"

कोलकात्यात पोचल्या पोचल्या दूध कोमट केलं आणि ते फडकं त्यात सोडलं. प्लेटा बघण्यात माझी सगळी उमर गेली, पण सकाळी त्या पातेल्याचं झाकण काढायला लावला इतका वेळ कधी लावला नव्हता. दही लागलं होतं. आमच्या कवठ्यातल्यासारखं आंबट, जीभ आखडेल असं. ओट्याशी उभ्यानं खाल्लं आणि पोटभर रडले. घर आता इतकंच उरलंय, एका पातेल्यात मावेल एवढं. रोज त्यातलं चमचाभर मागं ठेवायचं, की उद्या पुन्हा लागतं.

परवा शेजारच्या बंगाली मावशी, माशीमा, रिकामी वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. दोन बोटांनी दाखवलं, थोडंसंच हवंय.

मी वाटी भरून दिली. नाही म्हणायची आमच्यात रीत नाही.